गाण्याला ऊब आणायची म्हणजे

हेडफोन काढून बाईंनी टेबलावर ठेवला, ठेवला म्हणजे जवळजवळ आपटलाच, आणि म्हणाल्या, "हा माझा आवाज? छे! इस्त्री करून घडी घातलेला शर्ट आहे हा कुणाचा तरी."

घसारेभाऊ चहाचा कप घेऊन शेजारीच उभे होते. बायकोचं गाणं पहिल्यांदाच रेकॉर्ड झालं होतं, त्यामुळे कौतुकाची दोन-चार वाक्यं त्यांनी सकाळपासून जुळवून ठेवली होती. ती सगळी चहाबरोबर गिळावी लागली.

"अगं, पण सुरेख आलंय."

"तुम्हाला सगळंच सुरेख वाटतं. माझ्या हातची करपलेली भाजीसुद्धा तुम्हाला सुरेख वाटते."

आता याला काय उत्तर द्यायचं? हो म्हटलं तरी पंचाईत, नाही म्हटलं तरी पंचाईत. नवऱ्याच्या मताला घरात काय भाव असतो हे ज्याचं त्याने ओळखून असावं. भाऊ ओळखून होते, म्हणून कप विसळायला आत गेले.

घसारे हे भाऊंचं आडनाव नव्हे बरं का. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वाचत नाही. भाऊ विमा कंपनीत सर्व्हेअर आहेत. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि भरपाईतून घसारा, म्हणजे वापराने झालेल्या झिजेची किंमत, कापायचा, हे त्यांचं काम. बंपर प्लास्टिकचा? कापा घसारा. टायर रबराचे? कापा. गाडीचा मालक रडकुंडीला आलाय? मालकावर घसारा लावायची नियमात सोय नाही, नाहीतर तोही लावला असता. एकदा वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी उसनी नेलेली छत्री परत आणून दिली, तर भाऊंनी ती उघडून, उलटी करून अशी काही न्याहाळली की डॉक्टर दुसऱ्या दिवशी मुकाट्याने नवी छत्री ठेवून गेले. बाई शाळेत गणित शिकवतात. अख्खी इमारत त्यांना बाई म्हणते, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात भाऊही.

तर या बाई गातात. रोज संध्याकाळी, भांडी घासताना, नळाच्या धारेवर. रीतसर शिकलेल्या आहेत, पण लोकांसमोर कधी गायल्या नाहीत. हा आवाज त्या नळाच्या पलीकडे जावा, ही भाऊंची किती वर्षांची इच्छा. तशात रेडिओवर रविवारी सकाळी घरगुती गायकांचा एक कार्यक्रम सुरू झाला. शुक्रवारपर्यंत गाणं पाठवायचं, आवडलं तर रविवारी लावतात. भाऊ इतके मागे लागले, इतके मागे लागले, की शेवटी बाईंनी हात टेकले. बाईंचा पाठचा भाऊ संगणक दुरुस्त करतो. त्याने ताईला कपड्यांच्या कपाटात बसवलं, कारण कपाटात आवाज घुमत नाही म्हणे, आणि बाईंनी टांगलेल्या शर्टांना आणि एका जुन्या रेनकोटला उद्देशून गाणं म्हटलं. आणि त्याचा हा निकाल.

"पाठवायचं नाही," बाई म्हणाल्या. "लोकांना ऐकवण्यासारखा आवाज नाही माझा, आज कळलं ते बरं झालं. आता हा विषय बंद."

विषय बंद झाला तो कसा, तर त्या संध्याकाळी बाईंनी भांडी घासली आणि नळ नुसताच वाहिला. भाऊ बाहेर पेपर धरून बसले होते. पहिली वाटी झाली, ताटं झाली, कढई झाली, तरी आतून एक सूर नाही. गाणं रेडिओवर नाही लागलं तर नाही लागलं, पण हे घरातलंही गेलं तर काय करायचं? पेपर उलटा धरलाय हे त्यांच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेहुण्याला बोलावून घेतलं. मेहुण्याने गाणं ऐकलं, डोळे मिटले, मान हलवली.

"भाऊजी, ताईचं बरोबर आहे. फार स्वच्छ आलंय. याला टेपची ऊब पाहिजे."

"टेपची काय पाहिजे?"

"ऊब हो, ऊब! जुन्या टेपवर गाणं कसं मऊ वाटायचं? टोकं बोथट व्हायची, मागे जराशी सुरसुर असायची. आता संगणकावर सगळं लख्ख येतं, म्हणून मग लोक वरून टेपचा खोटा परिणाम देतात. सॉफ्टवेअर असतं त्याचं."

म्हणजे बघा, आधी लोकांनी टेपमधली सुरसुर घालवायला जिवाचं रान केलं, आणि ती गेल्यावर आता ती परत आणायला सॉफ्टवेअर काढलं. भाऊंना यात काही वावगं दिसलं नाही. मेहुण्याने सॉफ्टवेअर बसवून दिलं, बटणं समजावली आणि तो कुठल्याशा कारखान्याचे संगणक जोडायला परगावी निघून गेला, जिथे त्याचा फोन लागत नसे. मेहुणे असेच असतात.

पडद्यावर टेपरेकॉर्डरचं चित्र होतं. दोन चक्रं गरगर फिरत होती. खाली फिरवायची बटणं: एक ऊब वाढवायचं, एक सुरसुरीचं, एक डुगडुगीचं, म्हणजे टेप जराशी अडखळत चालल्यासारखी करायचं. आणि शेवटचं बटण पाहून भाऊ खुर्चीत ताठ झाले. ते होतं टेपच्या वयाचं. टेप किती जुनी, किती झिजलेली, ते ठरवायचं!

आता हा तर भाऊंचाच प्रांत. झीज म्हणजे काय हे भाऊंना कुणी शिकवावं? दुसरा कुणी असता तर त्याने बटण इकडेतिकडे फिरवून कानाला बरं लागेल तिथे सोडलं असतं. भाऊंनी ऑफिसचा तक्ता काढला. टेप प्लास्टिकची, सबब प्लास्टिकचा दर. आत लोखंडाची पूड असते म्हणे, सबब धातूचाही दर. बाई गाणं शिकल्या ते वर्ष धरून त्यांनी वय काढलं, दोन्ही दरांनी घसारा लावला आणि बटणं त्याप्रमाणे फिरवली. इतकं न्याय्य गाणं जगात आजवर कुणी तयार केलं नसेल.

बाई शाळेतून आल्या. भाऊंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, गाणं लावलं.

बाईंनी एक कडवं ऐकलं. "अहो, मी बोटीत बसून गायले होते का?"

"ती डुगडुग आहे."

"मला मळमळतंय."

भाऊंनी डुगडुग कमी केली, ऊब वाढवली.

"आता तोंडावर कुणीतरी उशी दाबलीय माझ्या. तुम्हीच असाल," असं म्हणून बाई वह्या तपासायला उठून गेल्या.

भाऊंना ते फार लागलं. पण माघार घेतील ते भाऊ कसले! त्यांनी ऑफिसातून रजा घेतली. रजेचं कारण साहेबांनी विचारलं तेव्हा "घरी दुरुस्तीचं काम आहे" असं सांगितलं, आणि ते सर्वस्वी खरं होतं.

इमारतीत एखाद्या घरातून एकच गाणं दिवसभर वाजायला लागलं की सल्ले सुरू होतात. पहिल्या आल्या समोरच्या काकू. त्यांनी हातात थर्मासच आणला होता.

"बाईंच्या आवाजाला ऊब पाहिजे ना? गरम पाणी, चिमूटभर मीठ, आणि गुळण्या. माझ्या जावेचा आवाज फुटलेल्या भोंग्यासारखा होता, आता फोनवर बोलते तर ओळखू येत नाही."

"काकू, गाणं म्हणून झालंय. ऊब आता नंतर घालायचीय."

"नंतर गुळण्या करून काय उपयोग?" काकू म्हणाल्या. यात चूक काढायला जागाच नव्हती. भाऊंनी थर्मास ठेवून घेतला आणि काकू जाईपर्यंत स्वतःच दोन गुळण्या केल्या.

मग वरून डॉक्टर उतरले. डॉक्टरांकडे जुनी यंत्रं आहेत आणि त्याहून जुनी मतं आहेत. त्यांनी भाऊंचा लॅपटॉप असा पाहिला जसा एखाद्याचा किडलेला दात बघावा.

"या डबीवर तुम्ही ऊब ऐकताय? अहो, हिच्यावर सर्दीसुद्धा ऐकू यायची नाही. माझे स्पीकर न्या."

डॉक्टरांचे स्पीकर म्हणजे कमरेएवढी दोन लाकडी कपाटं. डॉक्टर आणि भाऊ मिळून पहिलं उतरवायला लागले, आणि जिन्याच्या वळणावर ते अडकलं. वर जाईना, खाली येईना. डॉक्टर वरच्या बाजूला, त्यांचा पेशंट त्याच्याही वर तोंडात कापसाचे बोळे घेऊन, आणि भाऊ खालच्या बाजूला भिंतीला चिकटलेले. अशा वेळी जी व्यक्ती यायला नको तीच येते. सोसायटीचे चेअरमन खालून वर आले.

"सामान हलवायची परवानगी घेतलीय?"

"सामान नाही, स्पीकर आहे," भाऊ भिंतीतून म्हणाले.

"जिना अडवेल ते सामान. नियम आहे. अर्ज द्या, कमिटी बसेल, मग हलवा."

"अहो, कमिटी बसेपर्यंत मी इथे उभा राहू?"

यावर चेअरमननी खरोखर विचार केला. शेवटी त्यांनी तोंडी परवानगी दिली, ती "अपवाद म्हणून" दिली, आणि ती देताना हात लांबवून स्पीकरच्या डोक्यावर असा एक गुद्दा घातला की तो सुटला आणि भाऊंच्या पायाच्या अंगठ्यावर येऊन बसला. डॉक्टर म्हणाले, "जपून, जुनं लाकूड आहे." अंगठ्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

गुरुवारी दुपारी, बाई शाळेत असताना, भाऊंनी दोन्ही स्पीकर जोडले. आवाजात खरंच फरक पडला, हे मान्य करायला हवं. आता प्रश्न राहिला सुरसुरीचा. ती किती असावी? सर्व्हेअर माणूस गाडीचा प्रत्येक भाग सुटा करून तपासतो. भाऊंनी गाणं बंद केलं आणि नुसती सुरसुर चालू ठेवली. मग डॉक्टरांनी सांगितलं होतं की लांबून ऐकावं, म्हणून ती जरा मोठी केली आणि लंगडत लंगडत दाराबाहेर जिन्यावर जाऊन उभे राहिले. वाऱ्याने दार लोटलं गेलं. खटकन कुलूप लागलं.

किल्ली आत. फोन आत. शर्ट आत. भाऊ बाहेर, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या चड्डीवर. आणि बंद दाराआडून एकसारखं: स्स्स्स्स्स्स्स.

काकूंचं दार उघडलं.

"भाऊ, हा कसला आवाज?"

"काही नाही काकू, आतून येतोय."

काकूंनी कान दिला, आणि त्यांचे डोळे विस्फारले. "अगं बाई! गॅस!"

"गॅस नाही हो, मी सोडलीय ती."

"मुद्दाम सोडलाय?" काकू किंचाळल्या. "अहो, बाई काही बोलल्या का तुम्हाला? संसारात होतं असं, म्हणून कुणी एवढं टोकाला जातं का!" आणि भाऊ तोंड उघडेपर्यंत त्यांनी सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इमारत जागी केली. काकूंच्या आवाजाला उबेची काही गरज नव्हती.

पुढचं फार भराभर झालं. चेअरमन आले आणि ठिणगी पडू नये म्हणून त्यांनी आधी अख्ख्या इमारतीची वीज बंद केली. वीज गेली तसे स्पीकर बंद पडले, आणि स्पीकर बंद पडले तशी सुरसुर थांबली.

"ऐका," चेअरमन गंभीरपणे म्हणाले. "सगळा गॅस बाहेर आला. आता घर भरलंय."

माणसं खाली अंगणात जमली. डॉक्टर आपल्या पेशंटला घेऊन उतरले. त्या बिचाऱ्याचा अर्धा चेहरा बधिर होता आणि तो सगळ्यांना काहीतरी विचारत होता, ते कुणालाच कळत नव्हतं. आगीचा बंब आला. एक जवान शिडी लावून बाल्कनीतून आत गेला, त्याने दार उघडलं, आणि बंबाचे अधिकारी नाकाला रुमाल लावून घरात शिरले. तिथे टेबलावर बॅटरीवर चाललेला लॅपटॉप होता आणि पडद्यावर दोन चक्रं शांतपणे फिरत होती.

भाऊंनी सगळं समजावून सांगितलं. अधिकाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे गाणं चांगलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही त्यात हा आवाज घालत होता."

"हो."

अधिकाऱ्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. "कारण काय म्हणून कळवू मी वर? तुम्हीच सांगा." भाऊ आयुष्यभर लोकांना हाच प्रश्न विचारत आले होते. "कारण सिद्ध होत नाही" असं म्हणून त्यांनी किती जणांना परत पाठवलं होतं. आज अर्ध्या चड्डीवर उभं राहून त्यांनी तेच उत्तर अधिकाऱ्यांना दिलं.

तेवढ्यात गॅस कंपनीचा माणूसही येऊन पोचला आणि त्याने शेगडीच्या नळीला सील ठोकलं. तक्रार आली की सील ठोकायचं, मग गळती असो वा नसो. शाळेतून परत येणाऱ्या बाईंनी फाटकातून पाहिलं, तेव्हा अंगणात बंब उभा होता, बंबाभोवती इमारत उभी होती, आणि मध्ये बनियनवर आपला नवरा चेअरमनचं भाषण ऐकत होता.

"अहो," त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "निदान शर्ट तरी घालायचा होतात." त्या दिवशी त्या एवढंच बोलल्या. रात्रीचं जेवण काकूंकडून आलं, आणि जेवणाबरोबर संसार कसा सांभाळून घ्यावा याबद्दल दोन शब्दही आले.

शुक्रवारी सकाळी भाऊ सील काढून घ्यायला गॅस कंपनीच्या ऑफिसात गेले. लॅपटॉप बरोबर घेतला होता, कारण अजून गाणं पुरं व्हायचं होतं. खिडकीतल्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

"गळती दुरुस्त झाल्याचा दाखला आणा, सील निघेल."

"पण गळती नव्हतीच."

"मग दुरुस्त कशी होणार?"

"नाहीच होणार! नव्हतीच ना!"

"मग दाखला कसा मिळणार?" कारकून म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुठे राग नव्हता, उलट भाऊंबद्दल थोडी कणवच होती. "गळती थांबली असं आम्ही लिहून देतो. गळती नव्हती असं लिहून द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. आवाज आल्याची तक्रार आहे. आवाज कसला?"

"हा असला!" भाऊ वैतागून म्हणाले, आणि त्यांनी लॅपटॉप खिडकीच्या फळीवर उघडला, आवाज पूर्ण मोठा केला आणि सुरसुर सोडली.

चूक भाऊंची होती असं म्हणता येणार नाही. पण ते गॅस कंपनीचं ऑफिस होतं. तिथली माणसं त्या आवाजाला काय करायचं याचं शिक्षण घेतलेली होती. मागच्या टेबलावरचा एक जण ओरडला, दुसऱ्याने भिंतीवरची घंटा दाबली, आणि अख्खं ऑफिस, रांगेतल्या माणसांसकट, शिस्तीत दोन दारांनी बाहेर पडलं. आत भाऊ एकटे उरले. त्यांनी लॅपटॉप मिटला. रस्त्यावर जाऊन त्यांनी मोठ्या साहेबांना शोधून काढलं, लॅपटॉप उघडून जरासा आवाज ऐकवला, मिटून दाखवला, पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. साहेबांनी तिथेच एका स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सील काढायचा हुकूम लिहिला.

"फक्त एक करा," साहेब म्हणाले. "ते इथे परत उघडू नका."

असा हा दिवस डोक्यावर घेऊन भाऊ घरी आले आणि संध्याकाळी शेवटचं गाणं तयार केलं. डुगडुग अगदी नावाला, ऊब बेताची, सुरसुर थोडीशी. टेपचं वय मात्र तक्त्याप्रमाणेच ठेवलं, तिथे तडजोड नाही. बाईंनी ऐकलं. आवाज दूरचा, मऊ, जरा विटलेला येत होता.

"हं," त्या म्हणाल्या. "ही मी वाटत नाही, पण कुणीतरी बरी गातेय. पाठवा. नाहीतर उद्या पोलीस येतील."

भाऊंनी गाणं पाठवलं. आतून भांड्यांचा आवाज आला, आणि त्यामागून अगदी बारीक, चाचपडत, एक सूर. भाऊंना वाटलं, अंगठा सुजला त्याचं सोनं झालं.

शनिवारी भाऊ एका गॅरेजमध्ये गाडीखाली वाकून बघत असताना फोन वाजला. रेडिओवरचे इंजिनिअर बोलत होते.

"तुम्ही गाणं पाठवलंय ना? ते खराब आलंय. फार सुरसुर आहे. टेप पाण्याबिण्यात पडली होती का?"

भाऊ गाडीखालून बाहेर आले. "ती ऊब आहे," ते शक्य तितक्या रुबाबात म्हणाले.

"काय आहे?"

"ऊब. मुद्दाम घातलीय."

"साहेब, असं आम्हाला लावता येणार नाही. तुमच्याकडे मूळ रेकॉर्डिंग असेल तर लगेच पाठवा. नाहीतर त्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी गाणं घेतो."

भाऊंनी बाईंना फोन लावला. त्या परीक्षेच्या कामावर होत्या, फोन बंद. आणि लागला असता तरी काय? मूळ गाणं पाठवू का विचारलं असतं, तर बाईंनी साफ नाही म्हटलं असतं, आणि मग तो कालचा बारीक सूरही गेला असता. भाऊंनी कपाळावरचं ऑइल पुसलं आणि ते इस्त्रीचं गाणं, जसं होतं तसं, पाठवून दिलं. एखादी गोष्ट घसारा न कापता पुढे पाठवायची त्यांची ही पहिलीच वेळ. घरी काही बोलले नाहीत. रात्रभर कूस बदलत राहिले.

रविवारी सकाळी सगळी इमारत भाऊंच्या घरात होती. काकूंनी आपला रेडिओ आणला होता, डॉक्टर आपल्या स्पीकरवर हात ठेवून बसले होते, चेअरमन खुर्चीवर बसले होते. बाई स्वयंपाकघरात, पाठमोऱ्या. निवेदिकेने "आमच्या एका श्रोत्या" असं म्हटलं, आणि गाणं सुरू झालं.

कुणी हललं नाही. काकूंनी पदर तोंडाशी धरला. गाणं काही मोठं नव्हतं, एक बाई उंबऱ्यात उभी राहून परत जाणाऱ्या पाहुण्याला अजून जरा थांब म्हणते, एवढंच. पण तो आवाज इतका मोकळा आणि इतका आपला होता, की डॉक्टर खिडकीतून बाहेर बघायला लागले आणि चेअरमननी उगाच चष्मा पुसला. भाऊंना तर समोरचं काही दिसेनासंच झालं. गाणं संपलं.

बाई बाहेर आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "अहो," त्या भाऊंना म्हणाल्या, "जमलं की हो तुम्हाला! काय ऊब आलीय!"

"माझ्या स्पीकरशिवाय हे शक्य नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

"जिन्याची परवानगी दिली नसती तर स्पीकर कुठून आले असते?" चेअरमन म्हणाले.

"गुळण्या," काकू म्हणाल्या.

भाऊ मधोमध उभे होते आणि सगळे त्यांची पाठ थोपटत होते. खोटं कशाला बोला, त्यांना फार बरं वाटत होतं. गुरुवारच्या अर्ध्या चड्डीची भरपाई झाल्यासारखं वाटत होतं. आता हे असंच राहू द्यावं, काय बिघडतंय, असं त्यांच्या मनात आलंच.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. कार्यक्रमवाल्या बाई होत्या. गाणं सगळ्यांना फार आवडलं, पुढच्या रविवारी स्टुडिओत येऊन प्रत्यक्ष गाल का, असं विचारत होत्या. खोलीत सगळे माना पुढे करून ऐकत होते.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "मला नाही जमायचं. तो आवाज माझा नाही, आमच्या ह्यांनी मशीनवर केलेला आहे. तिथे माइकसमोर उघडी पडेन मी. आता नुसतं गायचं नाहीच, असं ठरवलंय. बरं, ठेवते." आणि त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

भाऊंच्या पाठीवरचा डॉक्टरांचा हात अजून तिथेच होता. त्यांनी तो बाजूला केला.

"अगं, थांब. ते मी केलेलं नव्हतं."

"काय नव्हतं?"

"आत्ता लागलं ते गाणं. माझं त्यांनी नाकारलं. मी मूळचं पाठवलं. कपाटातलं. तू ऐकून टाकून दिलंस ना, तेच हे."

सगळे कौतुकाने हसले. "किती तो विनय!" काकू म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "भाऊ, आम्हाला काय कान नाहीत? ऊब स्वच्छ कळत होती." बाईंनीसुद्धा मान हलवली. "उगाच माझी समजूत घालू नका."

खरं बोलून कुणी विश्वास ठेवू नये, ही भाऊंच्या धंद्यातल्या लोकांना तशी सवयीची गोष्ट. फक्त एरवी ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला असतात. भाऊंनी खिशातून फोन काढला, इंजिनिअरांना लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"साहेब, परवा मी आधी जे पाठवलं होतं, ते कसं होतं?"

"ते? ते कशाला काढता आता?" इंजिनिअर हसले. "खरं सांगू? इथे आम्ही सगळ्यांना बोलावून ऐकवलं ते. एवढ्या चांगल्या आवाजाचं असं वाटोळं कुणी गाढवाने केलं, म्हणून सगळे हळहळत होते."

"आणि आज जे लावलं ते?"

"ते तुम्ही पाठवलेलं मूळ. आम्ही हातसुद्धा लावला नाही त्याला. लावण्यासारखं काही नव्हतंच."

खोलीत सगळे भाऊंकडे बघत होते. भाऊंना एवढ्या माणसांत आजवर कुणी गाढव म्हटलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा असा फुलला होता की बघणाऱ्याला वाटावं, सत्कार चाललाय.

बाई खुर्चीवर बसल्या. "म्हणजे मी अशीच गाते?"

"रोज अशीच गातेस," भाऊ म्हणाले. "पहिल्या दिवशी तू चुका शोधायला ऐकलंस. आज गाणं ऐकलंस."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"सुरेख आलंय म्हणालो होतो."

बाईंनी पदराने डोळे पुसले, केस सारखे केले, टेबलावरचा फोन उचलला आणि शाळेत हजेरी घेतात त्या आवाजात म्हणाल्या, "मी गाणारी बोलतेय. त्या कार्यक्रमाच्या बाईंना सांगा, पुढच्या रविवारी मी येतेय. किती वाजता यायचं?"

इंजिनिअरांनी वेळ सांगितली. बाईंनी मान हलवली आणि मग भाऊंकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "आणि हो, बरोबर मिस्टर असतील. त्यांना एकाही बटणाला हात लागणार नाही असं कुठे बसवता येईल का?"

"बाहेर बाकडं आहे," इंजिनिअर म्हणाले.

भाऊंनी लगेच आत जाऊन त्या बाकड्यावर बसण्यासाठी आपला सगळ्यात चांगला शर्ट काढून ठेवला.